पांढरी पडलेली अंडी

१२ जानेवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, पाठपोट. बाबांना ताप होता तेव्हा मी तुला दोन पत्रं लिहिली, त्यांचं उत्तर अजून वाटेत असेल. गेल्या आठवड्यात कार्डावर सहज कळवलं की तुझ्या एंजल माशांनी अंडी घातली आणि ती दोन दिवसांत पांढरी पडली, तर लगेच चार पानं! त्यात माझ्याबद्दल अर्धी ओळ, "तू बरी असशीलच." बाबांबद्दल काही नाही. उरलेलं सगळं पाण्याबद्दल.

नळाचं पाणी जड आहे, त्यात निम्मं फिल्टरचं मिसळ. हीटर अठ्ठावीसवर ठेव. बदामाची वाळलेली पानं टाक. टाकीसमोर उगाच उभी राहू नकोस, बिचकले तर अंडी खातात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. उंट तिकडे खाणीवर आणि शेळ्या माझ्या गळ्यात.

मी दिवसभर हॉस्पिटलात एक्स-रे काढते. श्वास घ्या, रोखा, सोडा. हे दिवसातून शंभरदा म्हणून घरी यायचं आणि पाण्याचा कॅन घेऊन दोन मजले चढायचे. वर पोचते तेव्हा माझाच श्वास सुटलेला असतो. हे काम मी का करते ते मला विचारू नकोस. कुणीतरी करायला हवं म्हणून करते. या घरातली निम्मी कामं त्याच कारणानं माझ्याकडे आलीत.

तू गेलास त्या दिवशी बाबा म्हणाले होते, तो गेला तसे त्याचे मासेही जाऊ देत. पण टाकी त्यांनी स्वतः कापलेल्या काचेची, सांधे स्वतः भरलेले. ती फोडायची तर स्वतःच्या हातचं काम फोडायचं. ते त्यांच्यानं होईना, म्हणून मासे राहिले. तुला हे ठाऊक नसणार. दुकानाच्या पायऱ्या उतरताना तू मागे वळून पाहिलं नाहीस.

तुझं नाव ते अजून घेत नाहीत. "त्याचं पत्र आलंय वाटतं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, वाचू का? तर म्हणाले, "पाण्याचं काय म्हणतोय तेवढं वाच." सगळं पाण्याचंच होतं, त्यामुळे सगळंच वाचलं.

ताई

३ फेब्रुवारी

धाकट्या,

झालं तुझ्या मनासारखं. निम्मं नळाचं, निम्मं फिल्टरचं. पानं टाकली, पाणी चहासारखं झालं. हीटर अठ्ठावीस. टाकीला तीन बाजूंनी कागद लावला. परवा त्या दोघांनी रुंद पान तोंडानं घासून घासून साफ केलं आणि काल अंडी घातली. आज सकाळपासून ती पांढरी पडायला लागलीत. संध्याकाळपर्यंत सगळ्या पानावर साबुदाणा.

आता म्हणू नकोस की पाणी बरोबर नव्हतं. पाणी बरोबर होतं. या घरात सध्या बरोबर असलेली ती एकच गोष्ट आहे.

बाबांनी त्यांना नावं दिलीत. मोठा, उंच पंखांचा, सारखा धावून जाणारा तो राव. बारीक ती बाई. बाबा या माशांना आधी डाग पडलेल्या चपट्या चकत्या म्हणायचे, आठवतं? बाजारात सोनेरी मिळतात, संगमरवरी मिळतात, आणि आमचे चिरंजीव नदीत असतात तसे साधे रुपेरी, काळ्या पट्ट्यांचे आणून ठेवतात, असं येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगायचे. आता पैसे द्यायला वर घरी आलेलं गिऱ्हाईक "छान आहेत हो मासे" म्हणालं की सांगतात, "साधे नाहीत. अस्सल जात आहे. नदीतल्यासारखी." हे वाक्य तुझ्या दुसऱ्या पत्रातलं आहे, माझ्या तोंडून त्यांनी ऐकलेलं. त्यांना वाटतं मला कळत नाही.

तू लिहिलंस, पुढच्या खेपेला अंडी पानासकट काढून वेगळ्या बरणीत ठेव, निळं औषध टाक, हवेची नळी सोड. मी बरणी काढली. बाबा म्हणाले, "बरणी ठेवून दे. पोरं आईबापापाशी राहतील." मी म्हटलं, त्यानं लिहिलंय. "त्याला काय कळतंय? पहिल्या दोन-चार खेपा चुकणारच. शिकतील."

तू म्हणतोस बरणी, ते म्हणतात आईबाप. अडकित्त्यातल्या सुपारीला कुणी मत विचारत नाही. माझं मत असं आहे की दोघांनी एकमेकांना पत्र लिहावं आणि मला झोपू द्यावं.

ताई

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

कॅन घेऊन जिन्यात पडले. मनगट मुरगळलं. हॉस्पिटलात गेले आणि सहकारिणीकडून स्वतःचाच एक्स-रे काढून घेतला. मोडलेलं नाही. पट्टी बांधून तसंच काम करते आहे, लोकांना एका हातानं सरळ उभं करते आहे.

हे मी तुला मागच्या पत्रानंतर लगेच कार्डावर कळवलं होतं. तुझं उत्तर काल आलं. पाच पानं. पहिलीच ओळ, "सांडलेल्या पाण्याऐवजी नळाचं तर भरलं नाहीस ना?"

मी पत्र टेबलावर आपटलं. बाबांनी उचललं, चष्मा लावला, पहिल्यांदाच स्वतः वाचलं. मग म्हणाले, "शेवटी विचारलंय त्यानं. हात कसा आहे म्हणून." शेवटी म्हणजे पाचव्या पानाच्या तळाशी, समासात. मी तिथवर पोचलेच नव्हते. बरं, विचारलंस. हात बरा आहे.

अंडी तिसऱ्यांदाही गेली. एक मात्र सांगते, तुझ्यावर उपकार म्हणून. अंडी पांढरी पडली की बाबा उदास होत नाहीत. मला वाटलं होतं होतील. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी विचारतात, "कळवलंस का त्याला?" मी म्हणते, हो, टाकलं कार्ड. मग दुकानात जाऊन काच कापायला बसतात, आणि त्या दिवशी शीळसुद्धा वाजवतात. म्हातारपणी माणूस असा का होतो ते मला समजत नाही. मला त्या माशांचा इतका वैताग आलाय की परवा स्वप्नात मी रावाला "श्वास रोखा" सांगत होते.

पिल्लांना काय घालायचं ते तू तिसऱ्या पत्रात दीड पान लिहिलंस. आर्टेमिया म्हणून बारीक कोळंबीसारखे किडे असतात, त्यांची अंडी मिठाच्या पाण्यात उबवायची वगैरे. आधी पिल्लं तर होऊ देत. बाजारात तुरी.

ताई

६ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र उभं राहून वाचू नकोस. बसून वाच.

काल मला सुट्टी होती. सकाळी टाकीतल्या दोघांनी पान घासायला घेतलं. कागदाला मी एक छोटंसं भोक पाडलं आहे, तिथून बघत बसले. बाई पानावरून सरकत गेली, मागे अंड्यांची ओळ. मग राव गेला, जसा बाप जातो तसा. मी रोज माणसांच्या आतलं बघते, मला बघायची सवय आहे. रावाच्या मागेही ओळ होती.

मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. तुझे रावसाहेब अंडी घालत होते, धाकट्या. शांतपणे, ओळीत, बाईच्या अंड्यांच्या शेजारी. बाई परत आली, तिनं घातली. मग पुन्हा राव. दोघी माद्या आहेत. जोडी जमवून, पान साफ करून, एकमेकींची अंडी राखत बसणाऱ्या दोघी माद्या. जगात कुठल्याही पाण्यानं ती अंडी फळणार नव्हती.

मी तशीच धावत खाली दुकानात गेले. बाबा एका खिडकीसाठी काच कापत होते. मी म्हटलं, "बाबा, राव मादी आहे!"

त्यांनी रेघ पूर्ण केली. काच अर्ध्यात सोडत नाहीत ते. मग दोन्ही बाजूंनी धरून ती टक्कन मोडली आणि म्हणाले, "हो. दोघी."

"हो? तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या खेपेलाच दिसलं."

"पहिल्या खेपेला? जानेवारीत?" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण समोरचा शिंपी दारात आला. "मी तीन महिने पाणी वाहतेय! मी जिन्यात पडले! तुम्ही बरणीवरून माझ्याशी दोन दिवस बोलला नाहीत! पोरं आईबापापाशी राहतील म्हणे! कसला बाप? कुठला बाप?"

बाबा हातमोजे काढत राहिले. एकेक बोट. मग खाली बघून म्हणाले, "अंडी गेली की त्याचं पत्र येतं. दुसऱ्या कशाला येतं का?"

तुझ्यापाशी उत्तर असेल तर तू बोल. त्यांना ताप आला होता तेव्हा नाही आलं. माझ्या वाढदिवसाला नाही आलं. अंडी गेली की आठवड्याच्या आत येतं. माणूस म्हातारा आहे, खुळा नाही.

पण म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती? सरळ लिहावं ना, "पोरा, पत्र पाठव." नाही. त्यासाठी दोन माशांना नवरा-बायको करायचं, आणि लेकीला हमाल.

मी त्यांना सांगितलं, मी हे त्याला कळवणार. ते म्हणाले, "नको कळवूस." मी म्हटलं, कळवणार. आणि कळवते आहे. मला आता कुणाचंच काही लपवायचं नाही.

ताई

२१ मे

धाकट्या,

तुझं उत्तर दोन ओळींचं. "कळलं. चूक माझीच, घेतानाच नीट बघायला हवं होतं. दोघींना वेगळं करायची गरज नाही, राहतील." संपलं. त्याला आता महिना उलटून गेला.

म्हणजे बरोबरच आहे तुझं. अंडी फळणारच नाहीत म्हटल्यावर पाण्याबद्दल काय लिहिणार? आणि पाण्याशिवाय आमच्याबद्दल तुला काय लिहायचंय?

मी चिडून लिहिते आहे. चिडलेच आहे. तुझ्यावर, त्यांच्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर, कारण खरं सांगून मी काय मिळवलं? पोस्टमन येतो तेव्हा बाबा दुकानाच्या दारात असतात. आधी नसायचे. तो विजेचं बिल देतो. बाबा ते उलटंपालटं करून बघतात आणि म्हणतात, "एवढंच?"

शीळ बंद झाली आहे. त्या दिवशी एक आरसा चुकीच्या मापाचा कापला. गिऱ्हाइकासमोर. मी जन्मल्यापासून त्यांना चुकीचं माप घेताना पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मी म्हटलं, "बाबा, त्याला तुम्हीच लिहा ना पत्र." तर म्हणाले, "काय लिहू? दुकान मी चालवतोय, तो खाण मोजतोय. लिहायला दोघांच्या मध्ये काहीतरी लागतं."

हे वाक्य मी तुला जसंच्या तसं पोचवते आहे. मला त्याचा अर्थ कळला आहे, तुलाही कळेल. तू दुकान नको म्हणालास त्याचा राग त्यांना आता उरलेला नाही, धाकट्या. मला रोज दिसतं. राग उरला असता तर बरं झालं असतं, राग आला की माणूस बोलतो तरी.

काहीही लिही. तिकडच्या जेवणाला शिव्या घाल. पण लिही.

ताई

९ जून

धाकट्या,

तुझं पत्र नाही, तरी लिहिते आहे, कारण घरात नवरामुलगा आलाय.

बाबा दोन रविवार कुठे जातात ते सांगत नव्हते. चौकशी केली तर म्हणे माशांच्या दुकानात स्टूल टाकून बसतात. त्या दुकानदाराची पुढची काच तडकली होती, ती बाबांनी बदलून दिली आणि मजुरीच्या जागी एक मासा मागितला. त्यानं छान सोनेरी काढला. बाबा म्हणाले, "तो नको. साधा रुपेरी, काळ्या पट्ट्यांचा. आमच्या घरात दुसरी जात चालत नाही." मग दोन रविवार बसून, कोण कुणाच्या मागे लागतो ते बघून, नर हेरला. पिशवी गार पडू नये म्हणून शर्टाच्या आत धरून घेऊन आले. पोट ओलं झालेलं, चेहरा असा की काही चोरून आणलंय.

मी म्हटलं, "हाही बाईच निघाला तर?"

"तर त्याला कळव," म्हणाले.

पहिले चार दिवस टाकीत धुमश्चक्री. मग बाबांनी टाकीत बसेल अशी काच कापली, तिच्या कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मध्ये उभी केली. एका बाजूला एक मादी ठेवायची आणि दुसरीकडे जोडी. नवऱ्यामुलानं पसंत कुणाला केलं म्हणशील? रावसाहेबांना! बाई काचेपलीकडून बघत असते. मला तिची फार दया येते. या घरात काचेपलीकडून बघत बसायचं काम कुणालातरी करावंच लागतं.

परवा अंडी घातली. आज दुसरा दिवस. चारदोन पांढरी आहेत, बाकीची मधाच्या रंगाची, आणि भिंगातून बघितलं तर आत काळा ठिपका. बाबा भिंग सोडत नाहीत. मी पण दोनदा बघितलं. कबूल करते, तिसऱ्यांदाही भिंग मागून घेतलं. मग मला लगेच आठवलं की पाणी मलाच आणायचंय.

हे पत्र तुला मिळेतो ती फुटलेली असतील, किंवा त्यांनी खाल्लेली असतील.

ताई

१४ जून

धाकट्या,

फोनवर तुला काय ऐकू आलं ते तुझं तुला माहीत. इकडे काय दिसलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

अंडी फुटली. पानावर सगळी चिकटून वळवळत होती. नवरामुलगा आणि राव, दोघं पहाऱ्याला. एखादं गळून पडलं की तोंडात धरून परत पानावर. खात नव्हते. बाबा म्हणाले, "बघ. बरणी लागली का?" मी म्हटलं, नाही लागली बाबा. मग ते एकदम घाबरे झाले. "चार दिवसांत पोहायला लागतील. मग खायला काय घालायचं?"

मी म्हटलं, त्यानं लिहिलंय, दीड पान. ते म्हणाले, "ते पत्र कुठे सापडतंय आता." पत्र त्यांच्याच कपाटात आहे, शर्टांखाली. मी म्हटलं, मग माशांच्या दुकानात विचारा, चार दुकानं सोडून तर आहे. "तो विकतो. त्याला काय कळतंय? ह्याला विचारायला हवं. पत्राला आठवडा लागतो. फोन कर."

मी म्हटलं, बाबा, खाणीवरचा फोन ऑफिसातला आहे. बरंवाईट झालं तरच बोलावतात. ते उठले. खाली गेले, चष्मा लावला, दुकानातल्या फोनवर स्वतः नंबर फिरवला. मॅनेजरनं विचारलं असणार, काही बरंवाईट झालंय का. बाबा म्हणाले, "बरं झालंय. मुलाला बोलवा."

तू खाणीतून धावत आलास, हे तुझ्या धापांवरून कळलं. तुला वाटलं असेल ते गेले. आणि त्यांचाच आवाज, "पिल्लांना घालायचं काय?" बोलताना ते उभे होते. खुर्ची मागे होती, मी पुढे केली, तरी बसले नाहीत. तू सांगत होतास आणि ते प्रत्येक गोष्ट मोठ्यानं परत म्हणत होते, मी लिहून घ्यावं म्हणून. मिठाचं पाणी. एक दिवस उबवायचं. बारीक कापडातून गाळायचं. मी काही लिहिलं नाही. त्यांना ते सगळं तोंडपाठ आहे. दोनदा तर तू सांगायच्या आधीच म्हणाले. तुझ्या लक्षात आलं का?

मग तुझं सांगून संपलं. बाबा म्हणाले, "थांब. अजून विचारायचंय." आणि विचारायला काही नव्हतं. तोंड उघडं, हात काउंटरवरची काचेची धूळ गोळा करतोय. मी खूण केली, हात कापेल. बघितलं नाही. मग म्हणाले ते तू ऐकलंस. "दुकान नको तर नको. पण तू मला हवा आहेस. भांडायचं असलं तरी इथं येऊन भांड."

आता पुढचं.

तू काहीच बोलेनास. बाबांनी दोनदा "हॅलो" केलं, मग तिसऱ्यांदा, बारीक आवाजात. मग रिसिव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुटली वाटतं लाइन. ऐकलं नसेल त्यानं."

मी कानाला लावला. लाइन तुटली नव्हती. तू रडत होतास. लहानपणी कोंडून घेऊन रडायचास तसा, हुंदका गिळून, कुणाला कळू नये असा, आणि शेजारी तुझा मॅनेजर खुर्ची सरकवत होता. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, "हो बाबा, तुटली." आणि फोन ठेवून दिला.

ते टेलिफोनवाल्यांना शिव्या घालत वर गेले. आता टाकीसमोर बसलेत, आणि आपण बोललो ते वाया गेलं असं समजतायत.

आजवर तुम्हा दोघांचे निरोप मी इकडून तिकडे पोचवत आले, पडले तरी पोचवले. हा एक मी पोचवलेला नाही. हा तुझा तू घेऊन ये.

ताई